फाटकावरची तीन कुलपं

सरकारी पंच होण्याचा मान मला दुकानाच्या जागेमुळे मिळाला. पौडच्या बाजारात, कचेरीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागूनच आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. वडिलांनी टाकलं, मी चालवतो. कुलपं, कड्या, बिजागऱ्या, पाण्याच्या मोटारी, हरवलेल्या चावीच्या बदल्यात नवी चावी. कुठं जप्ती निघाली की साहेबलोकांना दोन माणसं लागतात, एक कुलूप तोडणारा आणि एक सही करणारा. मी दोन्ही कामांना चालायचो. "चाचा, चला जरा," म्हणत शिपाई पायरीशी उभा राहिला की मी करवत आणि छिन्नी पिशवीत टाकायचो आणि समोरच्या चहावाल्याला हाक मारायचो. दुसरा पंच कायम तोच. तोडणाराच पंच, हे कायद्यात बसतं का, असं मी कधी विचारलं नाही. आपल्याला बोलावतात याचंच मला कौतुक होतं.

पंचनाम्याच्या शेवटी एक ओळ असते. वरील मजकूर आम्हाला वाचून दाखवला, तो खरा व बरोबर आहे. त्या ओळीखाली मी किती सह्या केल्या असतील, वरच्यालाच ठाऊक. आणि खरं सांगतो, एकदाही कुणी मला काही वाचून दाखवलं नाही आणि एकदाही मी मागितलं नाही. वाचायला घेतलं की साहेबाच्या कपाळाला आठी पडते, जीप चालूच असते, चहावाल्याचा जीव दुकानात ठेवलेल्या दुधात अडकलेला असतो. मग माणूस बोट दाखवतील तिथं सही करून मोकळा होतो. बायको म्हणायची, "एवढ्या सह्या करता, वाचता तरी का?" मी म्हणायचो, "सरकार खोटं कशाला लिहील?" हे वाक्य आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

कासार आंबोलीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला एक बंगला आहे. पौड रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता असे बंगले पुष्कळ झालेत, शनिवारी उघडतात आणि रविवारी संध्याकाळी बंद होतात. हा बंगला एका सरकारी खात्यातल्या बड्या साहेबाचा. त्याच्या पगारात तो कसा बसला हा प्रश्न आसपासच्या सगळ्या गावांना पडला होता, पण विचारणार कोण? फाटक बसवायला मीच गेलो होतो. बिजागऱ्या माझ्या, कुलूप माझं. जिथं ते फाटक बसलं तिथून पूर्वी वरच्या वाडीची पायवाट जायची. वाडी वीस-बावीस घरांची, पायवाट जायची विहिरीवर, आणि विहीर सरकारी योजनेतून त्या वाडीसाठीच खोदलेली. कठड्यावर सिमेंटमध्ये योजनेचं नाव कोरलेलं होतं. मी दुकानात नुकता बसायला लागलो होतो तेव्हा वडिलांबरोबर जाऊन त्या विहिरीला आडवा दांडा आणि कप्पी मीच बसवली होती. म्हणजे ती विहीर कुणाची, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरीही साहेबानं कंपाउंडची भिंत विहिरीच्या पलीकडून घेतली तेव्हा मी मूग गिळून गप्प बसलो. गिऱ्हाईक मोठं होतं.

साहेबानं विहिरीला काळ्या दगडाचा कठडा बांधला, तेव्हा योजनेचं नाव दगडाखाली गेलं. वर कंदील टांगला, आत रंगीत मासे सोडले. वाडीनं आरडाओरडा केल्यावर मोठ्या मनानं त्यानं भिंतीबाहेर एक नळ काढून दिला. सकाळी तासभर पाणी. विहीर लोकांची, आणि नळ सोडला म्हणून बायका त्यालाच दुवा द्यायच्या. मला हे दिसत होतं. आज संतापून लिहितोय खरा, पण तेव्हाही मला डोळे होते.

त्या वाडीतली एक म्हातारी दर बाजाराला माझ्या दुकानाच्या पायरीवर बसते. करवंदं, रानभाज्या, शिकेकाई, मोसम असेल ते विकते. सगळा बाजार तिला मावशी म्हणतो, मीही म्हणतो. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

पुढं तो साहेब पकडला गेला. लाच खाऊन जमवलेली मालमत्ता सरकार परत मिळवणार, जनतेचं ते जनतेला देणार, असं पेपरात छापून आलं. जप्तीच्या दिवशी मला बोलावणं आलं तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घातला. साहेबाचं कुलूप तोडलं, बंगल्याच्या व्हरांड्यात उभं राहून बोट दाखवलं तिथं सही केली. फाटकाला माझ्याच दुकानातलं कुलूप लागलं, त्यावर कापड गुंडाळून लाखेचा ठसा मारला, आणि मी छाती फुगवून घरी आलो. बायकोला म्हटलं, "आज चोराच्या घशात हात घातला."

दुसऱ्या दिवशी बंगल्याची वीज तोडली. वीज गेली तशी विहिरीवरची मोटार बंद पडली आणि मोटार बंद पडली तसा भिंतीबाहेरचा नळही कोरडा झाला.

बाजाराच्या दिवशी मावशी आली ती पाटी न उतरवताच उभी राहिली. "भाऊ, सरकारनं लई चांगलं केलं म्हनं. चोराला धरला."

"मग!" मी म्हणालो.

"मंग आमचा नळ का बंद केला? त्यो सायेब व्हता तवा तासभर तरी पानी यायचं. आता आमी कुटं जायाचं?"

मी म्हणालो, होईल, दोन-चार दिवसांत काहीतरी सोय होईल. ती म्हणाली, "कागुद झालाय न्हवं? त्या कागुदावर हीर कुनाची म्हून लिवलीया?"

"ते मला काय ठाऊक?"

"आता! सई तर तुमची हाय म्हनत्यात."

मी कचेरीत गेलो, ओळखीच्या माणसाकडून पंचनाम्याची नक्कल काढली आणि पहिल्यांदा माझ्या सहीच्या वर काय असतं ते वाचलं. आरोपीच्या मालकीचा बंगला एक. झोपाळा एक. जनरेटर एक. आंब्याची झाडं चौदा. शोभेची विहीर एक. खाली मजकूर वाचून दाखवल्याची ओळ आणि तिच्याखाली माझी सही, शेवटच्या अक्षराला नेहमीची वळणदार शेपटी काढलेली.

शोभेची विहीर! वीस-बावीस घरांचे हंडे जिथून भरायचे ती विहीर शोभेची, आणि तीही आरोपीच्या मालकीची. चोरानं लोकांची वस्तू चोरली, सरकारनं ती चोराकडून पकडली आणि चोराच्याच नावावर लिहून कुलूपबंद केली. आणि हे सगळं खरं व बरोबर आहे असं म्हणणारा मी.  नक्कल घडी करून खिशात घातली आणि दुकानात आलो.

त्या दिवसापासून वाडीतल्या बायका पाण्याला खाली पौड रस्त्याच्या पलीकडच्या एका नर्सरीत जायला लागल्या. नर्सरीवाला भला, हौदातून भरू द्यायचा. पण रस्ता ओलांडायचा म्हणजे खडीचे डंपर आणि सुट्टीला आलेल्या गाड्या. एके दिवशी मावशी माझ्याकडं हंडा घेऊन आली. एका गाडीनं हूल दिल्यावर तिनं हंडा टाकून बाजूला उडी घेतली आणि मागचं चाक हंड्यावरून गेलं. हंडा भाकरीसारखा चपटा झाला होता. "ठोकून द्या," ती म्हणाली. तो ठोकून होण्यातला नव्हता. मी दुकानातला नवा हंडा काढून पुढं केला तर तिनं तो हातानं मागं सारला. "हंडा नगं. हीर द्या."

मी अर्ज लिहिला. मी अमुक पंच, सदर यादीतली विहीर आरोपीची नसून वरच्या वाडीची आहे, मी मजकूर न वाचता सही केली ही माझी चूक आहे, यादी दुरुस्त करावी. स्वतःची चूक स्वतःच्या हातानं लिहिताना दोन कागद फाडले. बायकोनं तो अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाली, "पहिल्यांदा काहीतरी शहाण्यासारखं लिहिलंत."

तालुक्याच्या पातळीवर या जप्त मालमत्तेवर देखरेख ठेवणारी एक समिती होती. तिच्याकडं अर्ज दिला. महिनाभर हेलपाटे घातल्यावर कळलं की समिती बरखास्त झाली. वसुलीच्या कामाला गती यावी म्हणून देखरेखीची पुनर्रचना झालीय, आता काम जिल्ह्याच्या समितीकडं. जिल्ह्याच्या समितीचे लोक एके दिवशी जीपमधून आले, बंगल्याच्या फाटकाशी गेले आणि परत माझ्या दुकानात आले. पहिल्या कुलपाची चावी त्यांना मिळाली नव्हती. मला वाटलं, आता करवत मागतील. त्यांनी कुलूप मागितलं. जुनं कुलूप जुन्या समितीचं, त्याला हात लावायचा अधिकार त्यांना नव्हता. म्हणून त्यांनी त्याच्या शेजारी आपलं लावलं, त्यावर आपला लाखेचा ठसा मारला आणि गेले. मी नवा अर्ज दिला तर तो ठेवून घेतला आणि म्हणाले, "आमचं काम आढाव्याचं. दुरुस्ती आमच्याकडं येत नाही."

पुढच्या पावसाळ्याच्या आत तीही समिती गेली. आता थेट वरून चालणारा विशेष कक्ष झाला होता. त्याच्याही लोकांची जीप आली, कोरी करकरीत. त्यांनाही आधीच्या दोन चाव्या मिळाल्या नव्हत्या. तिसरं कुलूप लागलं. तेही माझ्याच दुकानातलं, सात लिव्हरचं. आतल्या आंब्यांवर बांडगूळ चढलं होतं, झोपाळ्याच्या कड्यांना गंज चढला होता, विहिरीत मासे होते की मेले कुणास ठाऊक, आणि बाहेर फाटकावर सरकारची काळजी मात्र दर वर्षी वाढत होती.

मी अर्ज घेऊन पुण्याला गेलो. चौथ्या मजल्यावर विशेष कक्षाची नवी पाटी, रंगाचा वास अजून येत होता. आत गेलो तर टेबलाशी ओळखीचा चेहरा. हाच माणूस जिल्ह्याच्या समितीत कारकून होता. त्याआधी तालुक्याच्या समितीचं कामही हाच बघायचा, आमच्या बाजारात येऊन चहा पिऊन जायचा.

"तुम्ही इथं?" मी विचारलं.

"समिती बदलली, चाचा. मी तोच," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाण्याच्या ग्लासाकडं बघत राहिलो.

"पहिल्या कुलपाची चावी कुठंय हो?"

त्यानं टेबलाचा खण ओढला. आत दोन पाकिटं, दोन्हींवर शिक्के. "ही पहिली, ही दुसरी. दोन्ही माझ्याकडंच आहेत."

"मग द्या की!"

"कुणाला देऊ? चावी समितीनं समितीला द्यायची असते. देणारी समितीच राहिली नाही. मी माझ्या सहीनं दिली तर उद्या माझ्यावर येईल."

"अहो, दोन वर्षं झाली. बायका रस्ता ओलांडून पाणी आणतायत."

"तुमचं बरोबर आहे. पण या पुनर्रचनेत यादीची दुरुस्ती कुणी करायची ते लिहायचंच राहिलंय. त्याचं परिपत्रक आलं की तुमचा अर्ज पुढं ठेवतो." माझे आधीचे दोन अर्जही त्याच्याच फाइलीत होते, एकाखाली एक, व्यवस्थित टाचलेले. एकावरही कुणाचा शेरा नव्हता.

जिना उतरताना मी रागानं धुमसत होतो.  चोरांवर राग येतोच. पण चोराला निदान लाज असते, म्हणून तो भिंत बांधतो, कंदील टांगतो, नळ काढून देतो. या लोकांनी काहीच चोरलं नव्हतं, कुणाची एक काडी उचलली नव्हती, म्हणून त्यांना कसली लाजही नव्हती. ज्यांचं लुटलं त्यांना ते परत द्यायचं, या एका कामासाठी तीन समित्या झाल्या, आणि परत कुणाला द्यायचं हे तिघींच्याही कागदावर नव्हतं.

माझा अर्ज कुणीच वाचला नाही असं मात्र म्हणता येत नाही. एक माणूस आला, बुशशर्ट, हातात बॅग, तोंडभर हसू. दुकानात शिरल्या शिरल्या म्हणाला, "चाचा, तुमचा अर्ज वाचला. फार प्रामाणिक माणूस आहात." मी खूश होऊन स्टूल पुसलं, त्याला बसवलं, चहा सांगितला. म्हटलं, शेवटी सरकारात कुणीतरी वाचलं. चहा येईपर्यंत कळलं की तो त्या साहेबाचा वकील होता.

"तुम्ही लिहिलंय की मजकूर न वाचता सही केली," तो म्हणाला. "एवढंच कोर्टात सांगा. न वाचता केली म्हणजे सगळ्या यादीलाच न वाचता केली, नाही का? मग यादीतून बंगलाही गेला, झाडंही गेली, जप्तीच उठली. तुम्ही खोटं काहीच बोलणार नाही."

त्यानं चहाचा घोट घेतला.

"आणि साहेबांचा शब्द आहे. बंगला सुटला की विहीर वाडीला. भिंत मागं घेऊ, पायवाट मोकळी करू. साहेब स्वतः दान करतील. छोटासा कार्यक्रम करू, कठड्यावर पाटी लावू."

तो गेल्यावर मी त्याचा कप रस्त्यावर उपडा केला. पण माझं मन साफ होतं असं नाही. सरकारनं अडीच वर्षांत पाण्याचा थेंब दिला नव्हता आणि हा माणूस विहीर द्यायला तयार होता. त्यासाठी मला एक खरं वाक्य जरा जास्त पसरट करून बोलायचं होतं. मला ते पटत नव्हतं, पण पाणी मला आणायचं नव्हतं. रस्ता मला ओलांडायचा नव्हता. म्हणून बाजाराच्या दिवशी मी सगळं मावशीला सांगितलं. म्हटलं, तुम्ही सांगाल तसं करतो.

ती शिकेकाईच्या शेंगा निवडत होती. निवडायची थांबली. "दान देनार?"

"व्हय."

"आमची हीर आमाला दान?"

"पाटी लावून."

तिनं एक शेंग हातात घेऊन मोडली. "त्याला न्हाई सोडायचं. त्यो सुटला तर उद्या खालच्या वाडीची हीर खाईल." मग माझ्याकडं सरळ बघून म्हणाली, "भाऊ, सरकारनं सांगितलं की तुमी कुलूप तोडताया. सायेबाचं तोडलं, गोदामाची तोडली. आमी सांगितल्यावर का तोडत न्हाई?"

 अडीच वर्षांत हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता असं नाही. करवत माझी, कुलपं माझ्या दुकानातली, सात लिव्हरचं तिसरंसुद्धा मी पाच मिनिटांत उघडू शकतो. मी भीत होतो. सरकारी कामाला चालणारा माणूस म्हणून बाजारात माझी जी पत होती ती घालवायला मी भीत होतो, आणि तेवढ्यासाठी एका म्हातारीला डंपरपुढून पाणी आणायला लावत होतो. मला स्वतःची किळस आली.

जुम्याच्या दिवशी दुपारची नमाज पढून आलो, दुकान उघडलंच नाही. पिशवी घेतली. चहावाला म्हणाला, "कुठली जप्ती?" मी म्हणालो, "वाडीची." तो भट्टी बंद करून माझ्या मागं आला. फाटकाशी मावशी होती, वाडीतल्या दहा-बारा बाया होत्या, हंडे होते. भर उन्हात, सगळ्यांच्या देखत मी तिन्ही कुलपं कापली. पहिलं इतकं गंजलं होतं की करवत नीट लागायच्या आतच तुटलं. बाया आत गेल्या. विहिरीवर शेवाळ होतं, पालापाचोळा होता, पण पाणी होतं. कंदिलाच्या दांड्याला दोर बांधून पहिला हंडा वर आला. मावशीनं चूळ भरली, थुंकली आणि म्हणाली, "गोड हाय. उपसून काढली की झालं."

मी एका कागदावर लिहिलं की फाटक मी उघडलं आहे, खाली दुकानाचं नाव घातलं, सही केली आणि कागद फाटकाला लावून आलो.

अडीच वर्षं ज्यांच्या मागं फिरता फिरता माझ्या चपला झिजल्या, ते दोन दिवसांत आले. तालुक्याचे आले, जिल्ह्याचे आले, विशेष कक्षाची जीप आली आणि तिच्यात मागच्या सीटवर तो कारकून, मांडीवर फाइल. ठाण्याचा हवालदारही आला. फाटकाबाहेर सगळे उभे राहिले. वाडी आत, विहिरीशी.

हवालदारानं कागद काढला. "कुलपं तोडली. शासकीय मालमत्तेचं नुकसान. फिर्याद कोण देतंय? कुलपं कुणाची?"

तालुक्याचे साहेब म्हणाले, "पहिलं आमच्या वेळचं. पण आमची समिती आता नाही. काम जिल्ह्याकडं गेलं."

जिल्ह्याचे साहेब म्हणाले, "आमच्याकडं फक्त आढावा होता, आणि तोही आता कक्षाकडं आहे."

कक्षाचे साहेब कारकुनाकडं बघायला लागले. कारकुनानं फाइल उघडली, मिटली. "जागेचा ताबा आपल्याकडं अजून रीतसर आलेला नाही, सर. दोन चाव्या यायच्या आहेत. ताबा घेतला असं आपण लिहून दिलं, तर इतक्या दिवसांची जबाबदारी आपल्यावर येईल."

 हवालदार त्या तिघांकडं आळीपाळीनं बघत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, "अहो, लावताना तर जीपा घेऊन आला होता! तुटल्यावर कुणाचीच नाहीत?"

"चाचा, तुम्ही गप्प बसा, तुम्ही आरोपी आहात," हवालदार म्हणाला.

"फिर्यादी कुठाय? फिर्यादी नाही तर आरोपी कुठला?"

त्यावर हवालदारानं टोपी काढून घाम पुसला. "बरं, निदान जागेचा पंचनामा तरी करतो. रिकाम्या हातानं परत जाऊ का?" त्यानं लिहायला घेतलं. फाटक उघडं. कुलपं तीन, कापलेली. विहीर एक. मग थांबून त्यानं विचारलं, "विहीर कुणाची?"

तिन्ही साहेबांनी माना खाली घातल्या. विहिरीच्या कठड्याशी बसलेली मावशी गुडघ्यावर हात रेटून उठली. सावकाश फाटकापर्यंत आली.

"आमची लिवा."

हवालदारानं साहेबांकडं पाहिलं. "कुणाची हरकत?" हरकत घ्यायची तर जागा आपल्या ताब्यात आहे असं म्हणावं लागणार होतं. कुणीच घेतली नाही. हवालदारानं लिहिलं: विहीर वरच्या वाडीची असल्याचे समक्ष सांगण्यात आले, हजर अधिकाऱ्यांपैकी कोणीही हरकत घेतली नाही. कारकून खाली बघत होता, पण मला त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू दिसल्यासारखं वाटलं.

"पंच कोण?" हवालदार म्हणाला, आणि सवयीनं माझ्याकडं आणि चहावाल्याकडं बघून थांबला. कक्षाच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं, जीप चालूच होती.

मी म्हणालो, "आधी वाचून दाखवा. सगळं. मोठ्यानं."

त्यानं वाचलं. विहिरीच्या ओळीला मी म्हणालो, परत. त्यानं परत वाचली. मावशी ऐकत होती, आतल्या बायांनी दोर धरून ठेवला होता. मग मी पेन मागून घेतलं आणि सही केली.